रानडुकरासाठी रायफलची गोळी निवडताना

तूर शेंगेवर आली, हरभऱ्याला घाटे धरले की विदर्भातल्या वावरात रात्री डुकरांचे कळप उतरतात. ज्यांच्याकडे शस्त्रपरवाना आहे आणि वनखात्याची लेखी परवानगीही आहे, असे थोडे लोक रायफल घेऊन जागलीला बसतात. यातले बरेच जण रायफल जपतात, दुर्बीण चांगली घेतात, पण काडतूस मात्र दुकानात किंवा घरच्या पेटीत जे असेल ते भरतात. जनावर तिथल्या तिथे पडणार, की पोट फाटलेल्या अवस्थेत पऱ्हाटीत शिरून रात्रभर तडफडणार, हे निशाणाइतकंच गोळीच्या बनावटीवर ठरतं. जखमी डुक्कर पहाटे निंदणाऱ्या बाईच्या अंगावर जातं, तेव्हा त्या चुकीची किंमत भलताच माणूस मोजतो. म्हणून गोळी निवडण्याचं काम जागलीच्या रात्री करायचं नसतं, महिनाभर आधी करायचं असतं.

आधी कायद्याचं, कारण त्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुक्कर किंवा रोह्यासाठी (नीलगायीसाठी) कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती विशिष्ट व्यक्तीला, विशिष्ट ठिकाणासाठी आणि त्यातल्या अटींसह असते. शेजाऱ्याच्या परवानगीवर आपल्याला बसता येत नाही, आणि गावातली परवानगी अभयारण्याच्या हद्दीत चालत नाही. कलम ११ खाली मारलेलं जनावर कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता असतं, त्यामुळे मांसाचा प्रश्नच येत नाही. वीज सोडलेल्या तारा आणि गावठी बॉम्ब यांच्याबद्दल एकच सांगायचं: त्यांना डुक्कर, वाघ आणि माणूस यांतला फरक कळत नाही, आणि विदर्भात तिघेही त्यात मेले आहेत.

गोळीकडून नेमकं काय हवं

डुकराचं शरीर आधी समजून घ्या, मग गोळी आपोआप कळते. मोठा नर शंभर किलोच्या वर जातो. त्याच्या खांद्यापासून मागे बरगड्यांवर दोन-तीन सेंटीमीटर जाड, चिवट कातडीची ढाल असते. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळे याच ढालीवर झेलतात. तिच्यावर चिखल वाळून बसलेला असला तर ती आणखी कठीण होते. खाली खांद्याचं रुंद हाड. हृदय आणि फुप्फुसं मात्र आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच पुढे आणि खाली असतात. हृदय तर जवळपास पुढच्या पायाच्या कोपराच्या रेषेत. पाठीवरची आयाळ आणि चरबी यांमुळे डुक्कर आहे त्यापेक्षा उंच दिसतं. गाय-बैलाच्या अंदाजाने मधोमध नेम धरला की गोळी पाठकण्याखालून, फुप्फुसांच्या वरच्या टोकावरून निघून जाते. जनावर धडपडून पडतं, उठतं आणि दिसेनासं होतं.

म्हणजे गोळीला दोन कामं करायची आहेत. ढाल आणि हाड फोडून दोन्ही फुप्फुसांपर्यंत पोचायचं, आणि पोचताना फुलून रुंद व्हायचं, म्हणजे आतली जखम मोठी होईल. ही दोन्ही कामं एकमेकांच्या विरोधात जातात. जी गोळी लवकर आणि जास्त फुलते ती आत कमी जाते. जी फुलतच नाही ती आरपार जाते पण बारीक भोक पाडून जाते. यात पहिला मान खोलीला द्यावा. डुकराची चरबी आणि केस आत शिरलेल्या गोळीचं भोक लगेच बुजवतात, त्यामुळे एकाच बाजूने जखम असली तर जमिनीवर रक्त पडत नाही. गोळी पलीकडून, तीही खालच्या बाजूने, बाहेर पडली तरच माग मिळतो. बाहेर पडणारी, फुललेली, जड गोळी हवी. बाकी सगळी निवड या एका वाक्यातून निघते.

गोळ्यांचे प्रकार

पूर्ण जॅकेटची गोळी, जिला फुल मेटल जॅकेट म्हणतात, तिच्यात शिशाचा गाभा धातूच्या कवचाने, म्हणजे जॅकेटने, पुढून पूर्ण झाकलेला असतो. ती लष्करासाठी आणि निशाणेबाजीच्या सरावासाठी आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात .३०३ रायफलसाठी टोक उघडं ठेवलेली, फुलणारी गोळी बनली आणि ‘दमदम गोळी’ हे नाव जगभर गेलं. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरायला बंदी करणारं घोषणापत्र निघालं, आणि सैन्याकडे न फुलणारी गोळी राहिली. माणसाच्या युद्धासाठी केलेला तो नियम जनावरावर लावला की उलटा परिणाम होतो. पूर्ण जॅकेटची गोळी डुकरातून पोत्यातून दाभण निघावं तशी निघते. दोन्ही फुप्फुसांत लागली तरी जनावर दोन-तीनशे मीटर पळू शकतं, आणि गोळी वेग फारसा न गमावता पलीकडे जाते. पलीकडे कुणाची जागल आहे, कुणाची झोपडी आहे, हे अंधारात कळत नाही. डुकरासाठी ही गोळी वापरू नये. स्वस्त मिळते म्हणूनही नाही.

सॉफ्ट नोज, म्हणजेच सॉफ्ट पॉइंट: टोकाला उघडं शिसं आणि मागे तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट. शंभर वर्षांहून जुनी रचना आहे, आणि मध्यम वेगाच्या रायफलीत अजूनही तिच्यावर भरवसा ठेवता येतो. तिचा दोष एकच: वेग फार असेल आणि गोळी हलकी असेल तर शिसं आणि जॅकेट वेगळे होतात, गोळीचे तुकडे ढालीतच अडकतात.

टोकाला भोक असलेल्या, म्हणजे हॉलो पॉइंट गोळ्यांत दोन जाती आहेत आणि त्यांत गल्लत होते. काही शिकारीसाठी बनवलेल्या असतात. मॅच किंवा टार्गेट लिहिलेल्या गोळीच्या टोकाचं बारीक भोक मात्र बनावटीच्या पद्धतीमुळे येतं, फुलण्यासाठी नसतं. ती कधी फुटून चुरा होते, कधी अजिबात फुलत नाही. असा बेभरवशाचा माल कागदावरच मारावा. टोकाला प्लास्टिक बसवलेल्या गोळ्या लांबच्या माऱ्यासाठी चांगल्या, पण त्यांतल्या पातळ जॅकेटच्या गोळ्या वीस-तीस मीटरवर फार झपाट्याने फुटतात. आपल्याकडचा बहुतेक मारा तेवढ्याच अंतरावर होतो.

खोली आणि फुलणं यांचा मेळ घालायला तीन उपाय निघाले. अमेरिकेत जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात गोळीच्या मध्ये धातूचा पडदा ठेवला. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून पुढे ढकलत राहतो. हीच पार्टिशन गोळी. दुसरा उपाय म्हणजे शिसं जॅकेटला आतून सांधून टाकणं, त्याला बॉन्डेड म्हणतात. तिसरा, शिसं काढूनच टाकणं: संपूर्ण तांब्याची गोळी, टोकाला पोकळी, आपटल्यावर चार पाकळ्या उघडतात आणि वजन जवळपास सगळं टिकतं. या तिन्ही परदेशी काडतुसांत मिळतात, महाग पडतात, आणि दुकानदाराकडे दर वेळी असतील याची खात्री नसते. जी पुढच्या वर्षीही मिळेल तीच गोळी निवडा. गोळी बदलली की निशाण पुन्हा बांधावं लागतं, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी साइट पुन्हा जुळवावी लागते.

कोणत्या रायफलला काय

विदर्भात परवान्यावर सर्वात जास्त दिसणारी रायफल म्हणजे .३१५, आपली तीनशे पंधरा. तिचं काडतूस जुन्या ८×५०आर मॅनलिखर काडतुसावरून आलेलं. देशी कारखान्याच्या सॉफ्ट नोज काडतुसात गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १५.८ ग्रॅमची. मूळ मॅनलिखर काडतुसाचा वेग सेकंदाला ६२० मीटरच्या आसपास होता. आजच्या हिशेबाने हा वेग कमीच. पण डुकरासाठी हीच जमेची बाजू आहे. जड, जाडजूड, बोथट टोकाची, हळू जाणारी सॉफ्ट नोज गोळी ऐंशी मीटरच्या आत फुटून चुरा होत नाही, आत खोल जाते आणि बऱ्याचदा पलीकडून निघते. या रायफलला दुसरं काही शोधत बसू नये. तांब्याची कडक गोळी या वेगाला नीट उघडेलच असं नाही. बऱ्याच तांब्याच्या गोळ्यांना आपटताना सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास वेग लागतो, आणि.३१५ ची गोळी शंभर मीटरवर त्याच्या खाली आलेली असते.

इथे एक धोका आहे. ‘आठ एमएम’ हे नाव ऐकून ८×५७ माउझरचं काडतूस .३१५ साठी घेऊ नये. ते वेगळं काडतूस आहे, त्याचा दाबही जास्त आहे. रायफलच्या नळीवर जे कोरलंय आणि पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, बुडावर जे लिहिलंय, ते अक्षरशः जुळलं पाहिजे.

.३०-०६ असेल तर निवड करायला जागा आहे आणि चुकायलाही. १५० ग्रेनची गोळी सेकंदाला ८८० मीटरच्या पुढे निघते. पंचवीस मीटरवरच्या नराच्या खांद्यावर ती साध्या सॉफ्ट पॉइंटची असेल तर बाहेरून मोठी, भीतीदायक जखम होते आणि आत फुप्फुसं शाबूत राहतात. यासाठी १८० ग्रेन घ्यावी. तिचा वेग सुमारे ८२० मीटर, वजन ११.७ ग्रॅम. साधी सॉफ्ट पॉइंट घेतली तरी १८० मध्ये काम होतं. बॉन्डेड किंवा पार्टिशन मिळाली तर उत्तम. तांब्याची घ्यायची तर १६५ किंवा १६८ ग्रेन पुरते, कारण तिचं वजन टिकतं. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. फार लांब गोळी नळीतल्या खाचांच्या पिळात स्थिर राहत नाही, म्हणून तांब्यात एक पायरी खाली येणं बरोबर.

वजनाचा हिशेब करायची एक सोपी रीत आहे. गोळीचं ग्रेनमधलं वजन ७००० ने भागा, येईल ते इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागा. या आकड्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात; दोन गोळ्यांची बनावट सारखी असेल तर मोठ्या आकड्याची जास्त आत जाते. .३०-०६ ची १५० ग्रेन ०.२२६, १८० ग्रेन ०.२७१, आणि २२० ग्रेन ०.३३१. डुकराच्या नरासाठी साध्या सॉफ्ट पॉइंटमध्ये ०.२५ च्या खाली उतरू नये, असं आमचं मत. बनावट वेगळी असेल तर मात्र हा आकडा फसवतो. १६५ ची तांब्याची गोळी १८० च्या पातळ जॅकेटच्या गोळीपेक्षा खोल जाते, आकडा कमी असूनही.

काही जुन्या घरांत ७×५७ किंवा .३७५ मॅग्नम आहेत. ७×५७ ला जड सॉफ्ट पॉइंट चांगली चालते. .३७५ ची ३०० ग्रेन गोळी डुकरासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. वापरायचीच तर सॉफ्ट घ्या, न फुलणारी सॉलिड नको, कारण सॉलिड डुकरातून निघून किती पुढे जाईल याचा नेम नाही. .२२ रिमफायरची ४० ग्रेनची गोळी डुकरावर मारणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. डोक्यात मारू, असं सांगणारे भेटतात. डुकराचा मेंदू लहान, कवटी उतरती आणि डोकं सतत हलणारं. ते ऐकू नये.

बारा बोअरची बंदूक रायफल नाही, पण पीक राखायला परवान्यावर तीच जास्त घरांत आहे म्हणून थोडं. बारीक छर्रे डुकराच्या ढालीत अडकतात. एलजीचे मोठे छर्रेही पंचवीस मीटरच्या पुढे इतके पसरतात की दोन-तीनच लागतात, तेही पोटात. एकच गोळी असलेलं काडतूस घ्या, नळीचा चोक, म्हणजे तोंडाशी आवळलेला भाग, त्याला चालतो का ते दुकानदाराकडून पक्कं करा, आणि चाळीस मीटरची हद्द पाळा.

खोक्यावर काय पाहायचं

दुकानात तीन गोष्टी वाचा: काडतुसाचं पूर्ण नाव, गोळीचं वजन, गोळीचा प्रकार. मग एक काडतूस हातात घ्या. सॉफ्ट नोज असेल तर टोकाला राखाडी शिसं दिसलं पाहिजे. संपूर्ण टोक तांबूस आणि गुळगुळीत असेल तर ती पूर्ण जॅकेटची आहे. सगळा साठा एकाच लॉट नंबरचा घ्या. परवान्यावर काडतुसांची जी मर्यादा आहे त्यात सराव, निशाण बांधणं आणि प्रत्यक्ष वापर असं तिन्ही बसवायचं असतं, म्हणून दोन प्रकार अर्धे-अर्धे घेण्यापेक्षा एकच प्रकार घेतलेला बरा. पुंगळीच्या मानेवर बारीक चीर, हिरवट गंज, कॅपवर (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टिकलीवर) ओल दिसली तर ते काडतूस परत करा.

घरी काडतूस पुन्हा भरणं किंवा गोळी बदलणं शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय गुन्हा आहे. त्यातही एक जुनी खोड अजून टिकून आहे: पूर्ण जॅकेटच्या गोळीचं टोक कानशीने घासायचं, म्हणजे ती सॉफ्ट नोज होते. होत नाही. या गोळीचं जॅकेट मागच्या बाजूने आधीच उघडं असतं. टोकही कापलं की ते दोन्हीकडून उघडं होतं, दाबाने शिशाचा गाभा पुढे निघून जातो आणि रिकामं जॅकेट नळीत अडकून बसतं. पुढची गोळी त्यावर आदळली की नळी फाटते. समोर डुक्कर उभं असताना दुसरी गोळी मारण्याआधी नळी कोण तपासणार?

निशाण बांधणं आणि गोळी तपासणं

हे काम रायफल क्लबच्या किंवा परवानगी असलेल्या रेंजवरच करायचं. .३१५ ला उघडी साइट असेल तर ५० मीटरवर निशाण बांधा. हिशेबाने तिची गोळी १०० मीटरवर साधारण सहा सेंटीमीटर खाली लागते, म्हणजे जागलीच्या कुठल्याही अंतराला नेम वर-खाली करण्याचा विचार करावा लागत नाही. .३०-०६ ला दुर्बीण असेल तर १०० मीटरवर बांधा. ५० वरही ती जवळपास तिथेच लागते, आणि पंचवीसवर दीड-दोन सेंटीमीटर खाली. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, नळी थंड होऊ देत, पाच गोळ्या मारा. ५० मीटरवर त्या आठ सेंटीमीटरच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. डुकराच्या फुप्फुसांचा भाग पंधरा-वीस सेंटीमीटरचा असतो. रात्री, मचाणावरून, छाती धडधडत असताना हे वर्तुळ दुप्पट होतं हे धरून चाला. थंड नळीची पहिली गोळी कुठे जाते ते वेगळं लिहून ठेवा. वावरात तीच महत्त्वाची.

फुलण्याची परीक्षा घ्यायची तर जुनी वर्तमानपत्रं रात्रभर भिजवून, घट्ट बांधून, साठ-सत्तर सेंटीमीटर जाडीचा गठ्ठा करा आणि मागे मातीचा बांध असलेल्या जागी, प्रत्यक्ष ज्या अंतरावर मारणार त्याच अंतरावरून एक गोळी मारा. गोळी शोधून धुवा आणि सोनाराच्या काट्यावर तोला. मूळ व्यासाच्या दीड ते दोन पट फुललेली, आणि साध्या सॉफ्ट नोजमध्ये साठ-सत्तर टक्के वजन टिकलेली, म्हणजे ठीक. जॅकेट आणि शिसं वेगळे सापडले तर ती गोळी त्या अंतराला कमजोर आहे. वजन वाढवा किंवा बॉन्डेड घ्या. फुललीच नाही तर वेग कमी पडतोय, मऊ टोकाची घ्या. कागदात हाड नसतं, त्यामुळे ही परीक्षा दोन गोळ्यांची तुलना करण्यापुरतीच खरी.

वावरात गोळी कशी वागते

पऱ्हाटीच्या काड्या आणि डिसेंबरातल्या तुरीची खोडं यांतून कोणतीही गोळी सरळ जात नाही. जड गोळी झुडपं फोडून जाते, हा समज खोटा आहे; जड असो की हलकी, काडीला लागली की वाट बदलते, आणि सॉफ्ट नोज तिथेच फुलायला लागते. जनावर मोकळ्या तासात, धुऱ्यावर किंवा पांदणीवर येईपर्यंत थांबणं हाच उपाय.

गोळी पलीकडून निघणार हे आपणच ठरवलंय, तर ती कुठे पडणार हेही ठरवलं पाहिजे. जमिनीवर उभं राहून दीड मीटर उंचीवरून चाळीस मीटरवरच्या डुकराला मारलं, तर त्याच्या अंगातून निघालेली गोळी आणखी चौदा-पंधरा मीटर पुढे, जेमतेम दीड अंशाच्या कोनात जमिनीला लागते. एवढ्या उथळ कोनात ती दगडावरून उसळते, कडक ढेकळावरूनही. तीन मीटर उंच मचाणावर बसलात की नळी पावणेचार मीटरवर जाते, कोन पाच अंशांच्या जवळ येतो आणि गोळी डुकराच्या मागे पाच मीटरच्या आत मातीत शिरते. नांगरलेली काळी माती गोळी गिळते. धुऱ्यावर रचलेले काळे दगड, विहिरीचा काठ आणि ठिबकचे खांब गिळत नाहीत. .३०-०६ ची मोकळी सुटलेली गोळी तीन किलोमीटरच्या पुढेही जाते. म्हणून मचाण बांधतानाच दिवसा उजेडी बसून बघा, कोणत्या दिशेला मागे माती आहे आणि कोणत्या दिशेला गाव, रस्ता किंवा दुसऱ्याची जागल आहे. ती दिशा कायमची बंद. शेजारच्या वावरातल्या सालदाराला आणि जागल्याला त्या रात्रीचं आधी सांगा.

नेम आडव्या उभ्या जनावरावर, पुढच्या पायाच्या मागच्या कडेच्या रेषेत वर जाऊन अंगाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. मचाणावरून मारताना गोळी वरून खाली जाते, तेव्हा ती पलीकडे कुठून निघेल ते मनात धरून नेम किंचित वर घ्यावा. पाठमोऱ्या डुकरावर कोणतीच गोळी पुरत नाही. तोंड समोर करून उभ्या असलेल्यावरही नको. आणि काळा आकार म्हणजे डुक्कर, असं धरू नका. महू गळण्याच्या दिवसांत अस्वलंही वावराच्या कडेने फिरतात. तोंड, कान, चाल दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जाऊ नये. पिलांसोबतची मादी असेल तर सोडून द्यावी.

रोह्याचं थोडं वेगळं आहे. मोठा नर दोनशे किलोच्या वर जातो, मानेची कातडी आणि खांद्याचं हाड दोन्ही दणकट, आणि जखम झाल्यावर तो लांब पळतो. .३१५ ची २४४ ग्रेन साठ मीटरच्या आत चालते. .३०-०६ मध्ये १८० बॉन्डेड किंवा पार्टिशन घ्यावी, हलकी नको.

मारल्यानंतर

जागेवरून लगेच उतरू नका. जनावर कुठे उभं होतं आणि कुठल्या दिशेला गेलं, ती खूण मनात पक्की करा. अर्धा तास थांबा. मग विजेरीने जागा पाहा: फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, डुक्कर शंभर मीटरच्या आत पडलेलं असणार. काळपट लाल रक्त म्हणजे यकृत, आणखी तासभर द्या. हिरवट घाण आणि वास असेल तर पोट फाटलंय. तेव्हा माग काढत तुरीत शिरायचं नाही. वनरक्षकाला कळवा, उजाडू द्या, आणि सकाळी त्या बाजूच्या वावरात मजूर जाऊ देऊ नका. केस पडलेत पण रक्त नाही, यावरून गोळी चुकली असं समजू नका. वर सांगितलं तसं चरबी भोक बुजवते; दोनशे मीटरपर्यंत शोध घ्यावाच.

घोडा दाबल्यावर काडतूस फुटलंच नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. जुन्या काडतुसात कॅप उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर दुसरी गोळी चढवू नका. रायफल रिकामी करा, नळीतून उजेड आरपार दिसतो का पाहा. गोळी आत अडकलेली असू शकते.

मेलेल्या जनावराचा पंचनामा वनखातं करतं आणि विल्हेवाटही त्यांच्या देखरेखीखाली लागते. तिथे एक आग्रह धरावा: शिशाची गोळी वापरली असेल तर जनावर उघड्यावर टाकू नये. सॉफ्ट नोज फुलताना शिशाचे बारीक कण जखमेभोवती लांबपर्यंत विखुरतात, आणि तेच मांस गिधाडांच्या, घारींच्या पोटात गेलं की त्यांना शिशाची विषबाधा होते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात याच कारणाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी आहे. आपल्याकडे गिधाडं आधीच कमी उरली आहेत. जाळणं किंवा खोल पुरणं, दोन्ही चालेल.

उरलेली काडतुसं कुलूपबंद लोखंडी पेटीत, कोरड्या जागी, भिंतीला न टेकवता ठेवा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याला बदला. काडतुसांना तेल लावू नये, ते कॅपमध्ये शिरतं. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा बंद गाडीतल्या डॅशबोर्डवर काडतुसं राहिली की दारू तापते, दाब वाढतो आणि गोळी वर लागते. हिवाळ्यात बांधलेलं निशाण उन्हाळ्यात एकदा तपासा, तेही सावलीत ठेवलेल्या काडतुसांनी. खोक्यावर खरेदीची तारीख आणि लॉट नंबर लिहा, प्रत्येक गोळीचा हिशेब वहीत ठेवा. परवाना नूतनीकरणाला तो विचारला जातो, आणि कोणत्या लॉटमध्ये काडतुसं फुसकी निघतात हेही त्याच वहीतून कळतं.